चार वादक, दोन मरिंबा, एक झायलोफोन: पार्ट कसे वाटावेत?

मध्यलय: स्ट्रिंग क्वार्टेटची (दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो) एक रचना मरिंबा आणि झायलोफोन या काठ्यांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या वाद्यांवर चौघांसाठी बसवतोय. ४.३ सप्तकांचा मरिंबा दोघांत, ४ सप्तकांचा तिसऱ्याकडे, ३.५ सप्तकांचा झायलोफोन चौथ्याकडे. पहिल्या व्हायोलिनचा पार्ट जसाच्या तसा झायलोफोनला दिलाय, चेलोचा मोठ्या मरिंबाला. वरची चाल किंचाळते, खालचं गढूळ होतं आणि संथ भागात सगळं सतत थरथरत राहतं. कुठे चुकतंय?

चारकाठी: झायलोफोन लिहिल्यापेक्षा एक सप्तक वर वाजतो, किंचाळणं तिथून येतंय. पार्ट एक सप्तक खाली लिहिलात तर उंची जुळेल, पण त्याची सर्वांत खालची पट्टी एफ४ ला वाजते (अक्षर स्वराचं, आकडा सप्तकाचा; सी४ म्हणजे पियानोचा मधला सी). व्हायोलिन त्याच्या खाली गेलं की स्वर संपले.

मी तर मुख्य चाल झायलोफोनला देणारच नाही. ती ४ सप्तकांच्या मरिंबावर ठेवा. झायलोफोनच्या स्टाफवर त्यातलेच निवडक स्वर, तेही मरिंबाच्याच उंचीवर लिहा. ते आपोआप सप्तक वर वाजून चालीला धार देतील. दोघांना एकाच प्रत्यक्ष स्वरावर आणू नका. मरिंबाच्या पट्टीचा पहिला उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारा वरचा स्वर) मूळ स्वराच्या दोन सप्तकं वर जुळवलेला असतो, झायलोफोनचा एक सप्तक आणि पंचमावर. खालच्या पट्ट्यांत तो पंचम स्पष्ट ऐकू येतो आणि दोन वाद्यं एकजीव होत नाहीत.

खर्ज: चेलोबद्दल. ४.३ चा मरिंबा ए२ पर्यंतच उतरतो, म्हणजे सी२ ते जी शार्प२ गायब. नेमके तेवढेच स्वर वर उचलले तर ओळ मोडते. अख्खी फ्रेज सप्तक वर न्या. ती व्हिओलावर आदळेल, मग व्हिओला दुसऱ्या मरिंबावर.

सी३ च्या आसपास आणि खाली जवळचे थर्ड (सा-ग सारख्या जोड्या) नकोत, गढूळपणा त्यांचाच. वरचा स्वर एक सप्तक उचलून टेन्थ करा किंवा नुसता मूळ स्वर आणि पंचम ठेवा.

थरथर कमी करायला रोल (एकाच स्वरावर भराभर आलटूनपालटून ठोके) फक्त चालीतल्या लांब स्वरांना द्या. खालच्या पट्ट्या स्वतःच बराच वेळ घुमतात, एक ठोका पुरतो. तरी रोल हवाच असेल तर खाली सावकाश, वर वेगात. उलटं केलं की खाली खडखड आणि वर भोकं.

मॅलेट (वाजवायच्या काठ्या): खाली मोठे, मऊ, धाग्याच्या गुंडाळीचे. तिथल्या पट्ट्या मधोमध खालून बऱ्याच कोरलेल्या असतात, कडक मॅलेटने लाकूड खराब होतं. झायलोफोनला प्लॅस्टिकऐवजी कडक रबर, नाहीतर बाकी तिघे ऐकूच येणार नाहीत.

मध्यलय: एका मरिंबावर दोघे आणि दोघांकडे चार मॅलेट, जमेल?

चारकाठी: कोपर आणि मॅलेट भिडतील. सी४ ला हद्द आखा, ओलांडायची तेव्हा समोरच्याच्या पार्टमध्ये विराम ठेवा. चार मॅलेट एकालाच द्या, शक्यतो आतले सूर धरणाऱ्याला. एका हातातल्या दोन मॅलेटमध्ये सप्तकापर्यंत ताण चालतो, पण खाली पट्ट्या रुंद होत जातात, तिथे सहाव्या सुरापुढे नको. दोनवरून चारवर जाताना मॅलेट उचलायला पुरेल इतकी जागा मोकळी सोडा.