अनुभव धागा: "गुरुवारी पाणी बंद" आणि उन्हाळ्यातल्या बाकीच्या पालिका-बातम्या

पेठेतली
काल रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. पर्वती जलकेंद्रात विद्युत आणि पंपिंगची कामं असल्यामुळे गुरुवारी पूर्ण दिवस पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येईल. पुण्यात वाढलेल्याला हे वाक्य पाठच असतं. पण काल ते वाचलं आणि एकदम आमच्या वाड्याबाहेरचा चावीवाला डोळ्यासमोर आला. सायकलच्या दांडीला ती लांब लोखंडी चावी बांधलेली, गल्लीच्या तोंडाशी झाकण उघडून व्हॉल्व फिरवायचा आणि फिरवता फिरवताच समोरच्या आजींना सांगायचा, "उद्या नाही हं, भरून ठेवा." तेवढ्यावर चहा उकळेपर्यंत सगळ्या वाड्याला कळलेलं असायचं, माडीवरच्या नव्या बिऱ्हाडालासुद्धा. घरात बाळंतीण किंवा म्हातारं माणूस असेल तर कुणीतरी त्यांची पिंपं आधी भरून द्यायचं, मग स्वतःची.

आता सूचना पेपरात येते, पालिकेच्या पेजवर येते, ग्रुपवर येते. तरी आमच्या शेजारच्या एकट्या राहणाऱ्या काकूंना गुरुवारी सकाळी नळ सोडल्यावर कळतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या वस्तीत तर कुठलाच ग्रुप नाही. पाणी एक दिवस नसलं तर माणूस निभावून नेतो, पण कुणी सांगितलंच नाही हे फार लागतं मनाला.

तर मार्च ते मे या दिवसांत तुमच्या गावात पालिकेच्या काय काय बातम्या असतात, पाणीकपात, घरपट्टी, नालेसफाई, फांद्या छाटणं, काहीही, आणि त्या तुमच्यापर्यंत कशा पोचतात, आधी कशा पोचायच्या ते लिहा. लहानपणीचं आठवत असेल तर जरूर लिहा.

लोकल_८_१२
आम्हा मुंबईकरांना सात तलाव तोंडपाठ. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा. एप्रिल लागला की पेपरात रोज टक्केवारी येते आणि आमचे बाबा ती चष्मा वर करून मोठ्याने वाचतात, मग आई म्हणते आता बादलीनेच आंघोळ. १ ऑक्टोबरला तलाव काठोकाठ असले की वर्षभराची चिंता नाही हे त्यांचं ठरलेलं गणित, आणि आकडा त्याच्या खाली असेल तर मे मधे १० टक्के कपात येणार हे ते दिवाळीतच सांगून ठेवतात. बहुतेक वेळा बरोबर निघतं.

कृष्णाकाठ
मिरजेहून लिहितोय. २०१६ चा एप्रिल कुणाला आठवतो का? लातूरला पाण्याची रेल्वे इथून गेली. राजस्थानातल्या कोटा वर्कशॉपमधे धुऊन आलेल्या टँकरच्या वाघिणी स्टेशनात उभ्या आणि पाणी हैदरखान विहिरीतून. बघायला ही गर्दी. पहिल्या गाडीला १० वाघिणी, एका वाघिणीत ५० हजार लिटर, म्हणजे ५ लाख लिटर. आमचे आजोबा रेल्वेतून रिटायर झालेले, ते मुद्दाम काठी टेकत स्टेशनवर आले होते, म्हणाले इंजिनात पाणी भरलेलं आयुष्यभर बघितलं, माणसांना प्यायला गाडीने पाणी जाताना पहिल्यांदाच बघतोय. गाडी हलली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आजोबांचे डोळे भरून आले होते.

मांजराकाठची
@कृष्णाकाठ दादा मी लातूरची. तुमचं वाचून अंगावर काटा आला हो.

त्या वर्षी मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमधे १४४ कलम लावलं होतं, म्हणजे पाचपेक्षा जास्त माणसं टाकीपाशी जमायची नाहीत. आमच्या सासूबाई म्हणायच्या लग्नाच्या पंगतीत पाणी वाढणाऱ्याला आधी बोलवा, आचाऱ्याला नंतर. गाडी पहाटे आली तेव्हा आम्ही जागेच होतो, स्टेशनजवळच्या विहिरीत पाणी उतरवलं आणि मग पुढे शुद्ध करून टँकरने वाटप. पुढे तर एकेका गाडीला ५० वाघिणी असायच्या.

आणि बातमीचं म्हणाल तर आमच्या गल्लीत टँकर कधी येणार ते एक शाळेतली मुलगी सांगत फिरायची. तिच्या वडलांच्या ओळखीतले टँकरवर होते. ती पोरगी सायकलवर दारोदार "उद्या सकाळी सहा" असं ओरडत जायची. आता तिला दोन मुलं आहेत, परवाच भेटली बाजारात.

कृष्णाकाठ
ताई नमस्कार 🙏 मिरजेला आलात तर घरी नक्की या. आजोबा आता नाहीत, पण आजी आहे, तिला तुमच्या तोंडून ऐकायला फार आवडेल.

वऱ्हाडी_ठेचा
काय सांगू बाप्पा, नागपुरात पाण्यासोबत उन्हाच्याच बातम्या जास्त. पारा ४५ च्या वर गेला की पालिकेचं येते, दुपारी बारा ते चार बाहेर निघू नका, दुपट्टा बांधा, कांदा ठेवा खिशात (कांद्याचं पालिका नाही सांगत, ते आमची आई सांगते). पण मले जे सांगायचं आहे ते कुलरचं. कुलरच्या टाकीत पाणी साचून राह्यते आणि त्यात डेंग्यूचा डास होते, तो बहुतेक स्वच्छ पाण्यातच होते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून वाळवा, कोरडा दिवस पाळा. आमच्या वस्तीत आरोग्यवाल्या ताई घरोघरी टॉर्च घेऊन कुलरमधे बघतात. लोक दार नाही उघडत, चिडतात. असं नका करू, त्या ताया एवढ्या उन्हात तुमच्याचसाठी फिरून राहिल्या. आधी पाणी द्या त्यांना, मग कुलर दाखवा.

पेठेतली
@वऱ्हाडी_ठेचा अगदी मनातलं बोललात. आमच्याकडेही पालिकेच्या आरोग्य कोठीच्या बायकांना कुणी बस म्हणत नाही.

नळकोंडाळं
माझ्या गावाचं नाव नको. पाणी आठ दिवसांनी, रात्री दोनला किंवा पहाटे चारला, कधी ते आधी कुणालाच माहीत नसतं. नळाखाली रिकामी कळशी ठेवून झोपतो आम्ही, पहिली धार पडली की आवाजाने जाग येते, मग मी वहिनीला हाक मारते, वहिनी पलीकडच्या घराची कडी वाजवते, असं करत करत गल्ली उठते. कुणी लाईट लावत नाही मुलं उठतील म्हणून. आईचे गुडघे गेले यात. तिला आता वरच्या मजल्यावर हंडा नेता येत नाही त्याचं तिलाच वाईट वाटतं, आम्ही कितीही सांगितलं राहू दे तरी. आमची मागणी एवढीच आहे की वार आणि वेळ सांगा. आठ दिवसांनी तर आठ दिवसांनी.

लोकल_८_१२
@नळकोंडाळं ताई वाचून गलबललं. तुम्ही सगळ्या मिळून लेखी वेळापत्रक मागा ना, अर्जावर पोच घ्या. पंधरावीस जणींच्या सह्या असल्या की फरक पडतो.

नळकोंडाळं
दिलाय दादा अर्ज. पोच आहे.

गोदाकाठचा
नाशिकला रंगपंचमीची रहाड! जुन्या नाशकात रस्त्याखाली पेशवेकाळातले हौद आहेत, वर्षभर बुजवलेले, वरून गाड्या जातात आणि नव्या माणसाला पत्ताही नसतो खाली काय आहे. रंगपंचमीच्या आधी उकरून उघडतात, पूजा करतात, फुलांचा वगैरे रंग उकळून पाण्यात घालतात आणि मग धप्पा! वरून उडी मारायची, पाणी आजूबाजूच्या ओट्यांपर्यंत उसळतं. तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनी चौक, जुनी तांबट गल्ली. रस्ता बंद असल्याची सूचना असते पण आम्हाला सूचना म्हणजे तांबट गल्लीत फावड्याचा आवाज, तो आला की कळायचं. दुष्काळी वर्षी मात्र पाण्यावरून दरवेळी वाद होतो. माझं मत, रहाड सगळ्या गल्लीची मिळून एकच असते, त्यापेक्षा घरोघरी पाईप लावून गाड्या धुतात ते थांबवा. रहाड बंद करू नका, एक पिढी चुकली तर उकरायचं कुठे हेही कुणाला आठवणार नाही.

पन्हं_आणि_वाळवण
गोदाकाठचे दादा, आमच्या माहेरी शनी चौकाजवळ!! कुणाच्या ओट्यावरून बघायचात तुम्ही?

गोदाकाठचा
मामाच्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

शिकागोकर
मी मूळची साताऱ्याची, आता शिकागोत. इथे १ एप्रिलपासून रस्ते झाडायच्या गाड्या सुरू होतात. आदल्या दिवशी झाडांना आणि खांबांना नारिंगी कागद बांधतात की उद्या या बाजूला गाडी लावू नका, लावलीत तर ६० डॉलर दंड. इथे ५० वॉर्ड आहेत आणि आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाच्या ऑफिसातून आठवड्याला मेल येते, कुठला रस्ता खणणार, झाडं कुठे लावणार, बैठक कधी. मी पहिल्यांदा अशा बैठकीला गेले तेव्हा आमच्या साताऱ्याच्या पेठेतले काका आठवले, ते नगरपालिकेच्या प्रत्येक सभेला गॅलरीत जाऊन बसायचे आणि संध्याकाळी पारावर सगळं सांगायचे. बजेटचे आकडे तोंडपाठ. मेल चांगलीच सोय आहे पण काकांना उलट प्रश्न विचारता यायचे.

मांडवी
पणजीत मार्चमधे शिगमो, म्हणजे आमचा शिमगा. चित्ररथांची मिरवणूक पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा अशी वेगवेगळ्या दिवशी असते, त्या त्या दिवशी रस्ते बंदची सूचना पेपरात. लग्न होऊन नवीन आले तेव्हा मला माहीतच नव्हतं, बस मधेच थांबली, सगळे उतरले आणि हसत हसत चालायला लागले. एका आजींनी माझी पिशवी धरली आणि म्हणाल्या चल गो. ढोल ताशे जवळून बघितले त्या दिवशी.

चौथा_मजला
पाणी बंदच्या आदल्या दिवशी लोक नको तेवढं भरतात आणि दुसऱ्या दिवशी "शिळं" म्हणून ओतून देतात. पाणी एका रात्रीत शिळं होत नाही हो. झाकून ठेवा, वापरायला घ्या, झाडांना घाला. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साठवण २९ टीएमसीच्या (अब्ज घनफूट) आसपास, त्यात शहरही आणि खाली दौंड-इंदापूरपर्यंतची शेतीही. आपण ओतलेली बादली त्यांच्याही वाट्याची असते.

पानशेत_६१
माझं वय बरंच आहे, टायपिंग सावकाश. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासलाही फुटलं, त्यामुळे पुरानंतर शहराचं पाणीच गेलं. तेव्हा वाड्यांतल्या विहिरी आणि पेशव्यांच्या वेळचे हौद किती उपयोगी पडले ते आम्ही बघितलं आहे. नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालच्या नळातून पेठांत पाणी खेळवलं होतं. काळा हौद, बदामी हौद ही नावं आता फक्त पत्त्यात उरली. आमच्या विहिरीवर पुरानंतर परक्या आळीतले लोकही यायचे, वडील रहाटापाशी उभे राहून प्रत्येकाला पाणी मिळालं का बघायचे. विषय सोडून लिहिलं असेल तर क्षमस्व.

पेठेतली
काका, विषय अजिबात सोडलेला नाही. अजून लिहा, सवडीने. काळा हौद कुठे होता नक्की, आमच्या मुलांना दाखवायचंय.

लोकल_८_१२
झाडांचं राहिलंच. सोसायटीच्या आवारातलं झाड असेल तर छाटणीची जबाबदारी सोसायटीची, पालिकेची माणसं रस्त्यावरची झाडं बघतात. पण म्हणून आपण कुऱ्हाड घेऊन जायचं नाही, वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्याची परवानगी लागते, १९७५ चा झाडांचा कायदा आहे. अर्ज एप्रिलमधेच टाका, मे अखेरीला सगळे एकदम जागे होतात. फांद्यांवर घरटी आहेत का तेही बघून घ्या, कावळे याच दिवसांत अंडी घालतात.

पन्हं_आणि_वाळवण
आमच्या गच्चीत कुरडया घातल्यात आणि समोर नाल्यातला गाळ काढून काठाला ठेवलाय 😭 वास! मुकादमांना विचारलं तर म्हणाले ताई ओला गाळ गाडीत भरला तर सगळा रस्त्यावर सांडेल, दोन दिवस निथळू द्या मग उचलतो. त्यांनी नीट समजावून सांगितलं म्हणून बरं वाटलं. कुरडया मागच्या बाजूला हलवल्या.

वऱ्हाडी_ठेचा
कुरडया गव्हाच्या का तांदळाच्या?

पन्हं_आणि_वाळवण
गव्हाच्या. तीन दिवस भिजवून, चीक काढून. पाणी बंदच्या आठवड्यात गहू भिजत घालू नका एवढंच सांगते, चीक धुवायला पाणी लागतंच.

चौथा_मजला
पुण्याच्या मिळकत कराचं कुणी लिहिलं नाही. सवलतीच्या मुदतीच्या आत भरलं तर सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत असते. सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं असं काही चालू असेल तर त्याची वेगळी सवलत, पण ते खरोखर चालू पाहिजे, नुसतं बसवलेलं नाही. आणि स्वतः राहत असाल तर ४० टक्क्यांची सवलत लागलीये का ते बिलावर बघा, नसेल तर पीटी-३ अर्ज.

नवी_सदनिका
पीटी-३ ला काय काय जोडायचं? आम्ही मागच्या वर्षीच राहायला आलो, सासऱ्यांच्या नावावर घर आहे.

चौथा_मजला
तिथे तुम्ही स्वतः राहताय याचे पुरावे लागतात, सोसायटीचं पत्र, आधार, गॅस किंवा वीजबिल असं घेऊन जा. सासऱ्यांना बरोबर न्या, सही त्यांचीच लागेल. क्षेत्रीय कार्यालयात सकाळी जा, दुपारनंतर रांग वाढते.

नवी_सदनिका
धन्यवाद! सासरे चालत नाहीत फारसे, सही घरी घेऊन चालेल का ते आधी फोन करून विचारते.

पेठेतली
@नवी_सदनिका तुम्ही कुठल्या भागात? आमच्या ओळखीतले एक निवृत्त काका सोसायटीतल्या ज्येष्ठांचे हे सगळे अर्ज भरून देतात, पैसे घेत नाहीत. व्यनि करा. आणि गुरुवारचं लक्षात आहे ना सगळ्यांच्या, शेजारी कुणी एकटं असेल तर त्यांचंही पिंप आज बघून घ्या.