कांदा आणि लीकच्या पातीवर चंदेरी चट्टे, काही रोपं कोलमडली: एकच कीड की दोन?

पातवेडी
नमस्कार मंडळी. गच्चीवर लांबट पेट्यांमध्ये कांदा लावलाय, शेजारी खोल कुंड्यांत लीक (कांद्याच्याच कुळातली, रुंद पानांची भाजी) आहे. लावणीनंतर पात छान ताठ, हिरवीगार होती. ऊन वाढलं तसे पातीवर बारीक पांढुरके ठिपके आले, आता ते एकमेकांत मिसळून चंदेरी चट्टे झालेत. शेंडे वाळून पीळ पडल्यासारखे वाकतायत. लीकच्या रुंद पानांवरही तेच आहे, पण कमी. निंबोळी तेल पाण्यात ढवळून फवारलं, तर सगळे थेंब ओघळून मातीत गेले आणि चट्टे वाढतच आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे एका पेटीच्या कोपऱ्यातली काही रोपं पिवळी पडून आडवी झालीत, आणि गंमत अशी की त्यांच्यावर चट्टे जवळजवळ नाहीतच. घरी रोज ताजी पात खुडली जाते, म्हणून रासायनिक औषध नको आहे. काय करू?

हिरवा_कोपरा
शेंडे वाळतायत म्हणजे करपा, म्हणजे बुरशीचा रोग असणार. ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारा आणि पाणी कमी करा.

मातीतले_हात
ताई, जरा थांबा, बुरशीनाशकाची घाई करू नका. करप्याचा डाग लांबट असतो, मध्ये जांभळट आणि कडेने पिवळा. चंदेरी चट्टे म्हणजे फुलकिडे, म्हणजेच थ्रिप्स. खात्री करायची असेल तर मधली कोवळी पानं जिथे एकमेकांना चिकटून वर येतात तिथे दोन बोटांनी अलगद फाकवा आणि भिंगातून बघा. एक मिलिमीटरच्या आसपासचे फिकट पिवळे, निमुळते किडे आत दाटीवाटीने बसलेले दिसतील, उजेड पडला की खाली सरकतील. चट्ट्यांवर काळे टिंब दिसले तर ती त्यांचीच विष्ठा. भिंग नसेल तर पात पांढऱ्या कागदावर झटका.

हे किडे पातीचा वरचा थर खरवडून पेशींतला रस शोषतात. रिकाम्या पेशींत हवा शिरते, म्हणून तो भाग चांदीसारखा चकाकतो. करप्याचं म्हणणं अगदीच गैरलागू नाही, कारण याच जखमांतून पुढे बुरशी शिरते. पण आधी किडा आवरायला हवा.

तुमचं तेल का चाललं नाही ते सांगतो, कारण सगळा डाव तिथेच आहे. कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो, त्यावर पाणी टिकत नाही. साबण न घालता तेल पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगतं. आणि किडे असतात पोग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या बेचक्यात, तर आपण फवारतो बाहेरच्या पातीवर! त्यातही अंडी पातीच्या आत घातलेली असतात आणि कोष मातीत, त्यामुळे एका फवारणीत सगळे कधीच सापडत नाहीत. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात, आणि मादीला पिल्लांसाठी नराची गरजही पडत नाही. म्हणून वाढ इतकी झपाट्याने होते.

मी आधी पाण्याकडे वळतो. सकाळी नळीचं तोंड बोटाने अर्धं दाबून बारीक जोरदार धार थेट पोग्यात मारा, एका हाताने रोपाला आधार देत. दर दोन-तीन दिवसांनी. पाऊस पडला की फुलकिडे आपोआप कमी होतात ना, तेच आपण हाताने करतोय. सकाळीच करा, म्हणजे उन्हाने पात सुकते. रात्रभर ओली राहिली तर मात्र करप्याला आयतं आमंत्रण.

त्यावर निंबोळी तेल. 5 मिली तेलात 1-2 मिली सौम्य द्रव साबण आधी नीट घोटा, दुधाळ झालं की थोडं थोडं करत 1 लिटर कोमट पाणी घाला आणि लगेच वापरा. उरलेलं ठेवू नका. ऊन कलल्यावर, पण अंधार पडायच्या आत पात सुकेल अशा बेताने फवारा. भर उन्हात तेलाने पात भाजते आणि निंबोळीचा गुणही उन्हात लवकर उतरतो. पहिल्यांदा एकाच रोपावर करून दुसऱ्या दिवशी बघा. पाच ते सात दिवसांनी पुन्हा, असं किमान तीनदा. निंबोळीने किडा लगेच टपकन मरत नाही, पिल्लांना कात टाकता येत नाही आणि पुढची पिढी खुंटते. त्यामुळे जुने चट्टे तसेच राहतील, त्यांच्याकडे बघू नका. मधून येणारं नवं पान स्वच्छ आलं का, एवढंच बघा.

निळे चिकट सापळे लावायचे तर किडे किती आहेत ते कळण्यापुरते लावा. त्यांनी बंदोबस्त होत नाही आणि क्रायसोपासारखे (किडे खाणारा जाळीदार पंखांचा कीटक) आपल्या बाजूचे कीटकही चिकटून मरतात, ते मला पटत नाही. त्यापेक्षा मातीवर पेंढ्याचं आच्छादन घाला, पेटी पूर्ण कोरडी पडू देऊ नका आणि नत्राचं खत आवरतं घ्या. लुसलुशीत पात या किड्यांना फार आवडते.

आडव्या रोपांचं दुखणं निराळं वाटतंय. एक रोप मातीसकट उपटून गड्डा उभा चिरा आणि आत काय दिसतं ते इथे लिहा.

पातवेडी
दादा, पोग्यात खरोखर पिवळे किडे निघाले! आणि उपटलेल्या रोपाचा तळ मऊ, घाण वासाचा झालाय. आत पांढऱ्या, पाय नसलेल्या बारीक अळ्या वळवळतायत. त्या कोपऱ्यात महिन्यापूर्वी अर्धवट कुजलेलं कंपोस्ट घातलं होतं, त्याचा काही संबंध?

मातीतले_हात
संबंध आहे. ही माशीची अळी. खास कांद्यावर जगणारी माशी मुख्यतः थंड हवेच्या भागात असते, पण तिची एक नातलग जवळपास सगळीकडे आढळते आणि कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांच्या वासावर येऊन ओल्या मातीत अंडी घालते. दोन्हींवर उपाय सारखाच. आडवी पडलेली रोपं भोवतालच्या मातीसकट आजच काढा. ती कंपोस्टात टाकू नका, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या. शेजारची रोपं हलकेच ओढून बघा, सैल लागली तर तीही काढा. गड्ड्यात शिरलेल्या अळीपर्यंत निंबोळी पोचत नाही, तिथे तेल वाया घालवू नका. त्या पेटीत पुढच्या खेपेला कांदा, लसूण, लीक यांपैकी काहीच लावू नका.

कुंडीकर
लीकबद्दल थोडं सांगते, मी थंड प्रदेशात राहते आणि इथे लीकला आणखी दोन शत्रू आहेत. पानावर पांढऱ्या ठिपक्यांची सरळ ओळ दिसली तर ती पान पोखरणाऱ्या माशीची खूण, तिचे तपकिरी कोष दांड्याच्या थरांत सापडतात. पानात खिडकीसारखे पारदर्शक पट्टे आणि आत हिरवट अळी असेल तर तो लीकचा पतंग. दोघांवरही एक मिलिमीटरहून बारीक छिद्रांची जाळी लावणीच्या दिवसापासून घालते, कडा मातीत दाबून. मात्र कोष आधीच मातीत असतील तर माशी जाळीच्या आतच जन्मते, म्हणून जागा बदलणं आलंच. आणि फुलकिडे या जाळीतून आरामात जातात.

लीक फारच खराब झालं तर वरची पानं सरळ छाटून टाका. वाढीचा कोंब खाली असतो, नवीन पानं फुटतात. कांद्याला मात्र हे करू नका.

मातीतले_हात
अगदी बरोबर. कांद्याचं प्रत्येक पान म्हणजे गड्ड्यातला एक पापुद्रा, पात गेली की गड्डा लहान राहतो. म्हणून गड्डा धरायला लागतो तेव्हा फुलकिड्यांवर सर्वात जास्त लक्ष द्या. पुढे गड्ड्यावरच्या पातीच्या माना आपोआप पडायला लागल्या की चट्टे दिसले तरी फवारणी थांबवा, तोवर गड्डा भरलेला असतो.

पातवेडी
मनापासून आभार! फवारल्यावर पात खुडायची कधी?

मातीतले_हात
बाटलीवर जितके दिवस थांबायला सांगितलं असेल तितके थांबा आणि खुडलेली पात धुऊनच घ्या. सोपं करायचं असेल तर एक पेटी फक्त खुडण्यासाठी ठेवा. तिच्यावर तेल नाही, नुसती पाण्याची धार. पात अशीही लवकर लवकर कापली जाते, त्यामुळे तिथे किड्यांना जम बसवायला वेळच मिळत नाही.