बोअरनं भरलेलं तळं म्हणजे पाऊस अडवणं नव्हे

कोरडवाहू:
परवा एकानं काठोकाठ शेततळ्याचा फोटो टाकून लिहिलं, 'प्रत्येकानं असं एक तळं घेतलं तर मराठवाड्यात टँकर दिसणार नाही. करायची इच्छा पाहिजे.' ही 'इच्छा पाहिजे' मला झोंबली. फोटो मार्चमधला. कोपऱ्यात बघा, काळा पाइप आत सोडलाय आणि धार पडतेय. ते बोअरचं पाणी आहे. खाली खडकात झाकलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं आणि त्याला पाऊस अडवला म्हणायचं? ३० बाय ३० मीटरच्या तळ्यातून रोज ८ मिलिमीटर उडालं तरी ७,२०० लिटर जातात. एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्तच.

२०१८ ला आमच्या बांधाला लागून दोन तळी झाली. दिवाळीपासून रात्री लाइट आली की मोटरी सुरू. आमची विहीर एरवी फेब्रुवारीअखेर पुरते, त्या वर्षी डिसेंबरातच पोहरा खडकावर आपटायला लागला. आई तो आवाज ऐकून नुसती कठड्याला टेकून उभी राहायची. इच्छा आमच्याकडे होती. पाणी शेजारच्या तळ्यात होतं.

मोसंबीवाला जालना:
दादा, तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं, पण सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. २०१२ च्या दुष्काळात माझी ११ वर्षांची ४०० झाडं होती. जानेवारीपासून टँकरनं पाणी घातलं, दागिने मोडले. मे महिन्यात पानं हातात चुरायला लागली तेव्हा मीच कुऱ्हाड लावली. वडील त्या रानाकडे दोन वर्षं फिरकले नाहीत. २०१६ ला 'मागेल त्याला शेततळे' आलं तेव्हा ५० हजार अनुदान मिळालं. तळ्यात अंथरायचा प्लास्टिकचा कागद, कुंपण धरून साडेतीन लाख झाले, बाकीचे घरचे. पुन्हा लावलेली बाग आज उभी आहे ती त्या तळ्यामुळं. होय, बोअरनं भरतो. सप्टेंबरात बोअरला पाणी असतं, मेमध्ये नसतं. मग साठवायचं नाही तर काय करायचं?

पाणलोट ताई:
भाऊ, सप्टेंबरात बोअरला असतं ते पाणी एकट्या तुमचं नाही हो. आपला काळा पाषाण, त्याच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी. तुम्ही लवकर उपसलं की खालच्या विहिरीचा झरा आटतो. भूजल कायदा ६० मीटरच्या पुढं गेलेल्या विहिरीला खोल विहीर म्हणतो आणि अधिसूचित, म्हणजे सरकारनं तसं जाहीर केलेल्या क्षेत्रात त्यावर बंदी आहे. तरी गाड्या रात्री येतात आणि ७०० फुटांपर्यंत जातात.

मोसंबीवाला जालना:
कायदा आम्हालाच. उसाला कुणी विचारत नाही.

गोदाकाठ:
आला ऊस मध्ये! आम्ही कालव्याची पाणीपट्टी भरतो. कापसाला भाव नाही, सोयाबीनला नाही, उसाला निदान ठरलेला दर आहे. मोसंबीला वर्षभर पाणी लागतं, ते मोजा आधी.

मोसंबीवाला जालना:
मोसंबी ठिबकवर आहे. तुमच्या उसात मोकाट पाट सोडलेला असतो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हाही शिवारात ऊस उभाच होता. तेव्हा कुठं गेली होती पाणीपट्टी?

गोदाकाठ:
माझं सगळं ठिबकवर आहे, येऊन बघा. न बघता बोलायचं नाही.

मोसंबीवाला जालना:
तुमचं असेल. तालुक्यातल्या किती जणांचं आहे? आणि मला बाग लावायला कुणी सांगितलं असं विचारणारे तुम्हीच. आमच्या भागात कृषी खात्यानंच अनुदान देऊन बागा लावल्या.

कोरडवाहू:
ऊस-मोसंबी दोघंही बागायतदार. भांडण तुमचं, कोरडी विहीर आमची.

दोन एकरवाली:
मी लिहू का? माझं रान दोन एकर, म्हणजे ८० गुंठे. ३० बाय ३० चं तळं आणि भोवतीचा भराव धरून १२-१३ गुंठे जातात. त्यात माझी वर्षाची ज्वारी पिकते. बोअर नाही, घेणारही नाही. खड्डा घेणाऱ्यानं सांगितलं, 'ताई, तळं मोठंच घ्या, नाहीतर परवडत नाही.' त्याला परवडत नव्हतं. मी १५ बाय १५ चं घेतलं, उताराच्या खालच्या कोपऱ्यात. कागद नाही. वरच्या तालीचं पाणी आत येतं, आधी गाळ बसायला छोटा खड्डा केलाय. दिवाळीनंतर ते मुरून जातं. पण ऑगस्टात पावसाचा २१ दिवसांचा खंड पडला तेव्हा डिझेल इंजिन लावून तुषारनं सोयाबीनला एक पाणी दिलं. शेजारच्या शेंगा चपट्या राहिल्या, माझ्या भरल्या. मुरलेल्या पाण्यानं खालची विहीरही महिनाभर जास्त चालली, पण ती माझी नाही.

पाणलोट ताई:
मला म्हणायचं होतं ते हेच. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत एवढी तळी आहेत आणि द्राक्षं आहेत, ती लोक फोटोत दाखवतात. पण तिथं आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणले, शेताशेताला बांध घातले, मग तळी आली. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं तर शेतीसाठी बोअरच बंद केले आणि दरवर्षी पावसाचं माप बघून कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवतात. नुसता कागद अंथरून ते होत नाही.

मोसंबीवाला जालना:
हिवरे बाजार एकच आहे ताई. आमच्या ग्रामसभेला कोरम भरत नाही. चर खणायला सगळं शिवार राजी पाहिजे, तळं मी एकटा करू शकतो. २२ लाख लिटर हातात असतात. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर बाग पुन्हा तोडायची माझी तयारी नाही.

कोरडवाहू:
हे मान्य करतो, नाइलाजानं. २०१२ मी बघितलंय. पण मग तुम्हीही मान्य करा की तुमच्या तळ्याच्या हिशेबात माझ्यासारख्या कुणाच्या तरी विहिरीचं पाणी आहे.

मोसंबीवाला जालना:
थोडं असेल. सगळं नाही.

कोरडवाहू:
थोडं तर थोडं. ओढा तुमच्या बांधाला आहे ना? जुलै-ऑगस्टात तो वाहतो तेव्हा त्याचंच पाणी उचलून तळं भरा. आणि बोअरभोवती दगड, खडी, वाळूचा खड्डा घेऊन पुनर्भरण करा. जेवढं काढता त्यातलं काही तरी आत जाऊ द्या.

मोसंबीवाला जालना:
ओढ्याच्या पाण्यात गाळ येतो, तळ्यात बसतो. काढताना फावडं लागून कागद फाटला तर लाखाचं नुकसान. एकदा झालंय माझं.

दोन एकरवाली:
म्हणून गाळाचा खड्डा आधी घ्यायचा, दादा. माझा आठ बाय सहा फुटांचा आहे, पुरुषभर खोल. उन्हाळ्यात दोन बैलगाड्या गाळ निघतो, तो रानातच पसरते.

मोसंबीवाला जालना:
खड्ड्यातून तळ्यात पाणी पाइपनं घेता की मोकळं?

दोन एकरवाली:
पाइपनं. चार इंची, तोंडाला जाळी. तळापासून दोन फूट वर बसवलाय, म्हणजे गाळ खालीच राहतो.

मोसंबीवाला जालना:
पाऊस यायच्या आत एक खड्डा घेऊन बघतो. बोअर बंद करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.