आरएक्स १३५चं डर्ट इंजिन तीस हजारांत: पैसा नेमका कुठं घालावा?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. यामाहा आरएक्स १३५ फाइव्ह स्पीडचं इंजिन डर्ट रेससाठी (मातीच्या ट्रॅकवरची रेस) बांधायलोय. वर्ग आहे इंडियन टू-स्ट्रोक, १४० सीसीपर्यंत. ट्रॅक मुरमाचा आणि लहान. सरळ पट्टा जेमतेम, बाकी आखूड वळणं आणि दोन टेबलटॉप (सपाट माथ्याचे उंचवटे). रेस ऐन एप्रिल-मेमध्ये. इंजिनापुरतं बजेट ३० हजार. समोर जे येतात त्यांच्याकडं २८ मिमीचा कार्ब्युरेटर, तयार चेंबर (एक्झॉस्टचा फुगीर पाइप), बाहेरून पोर्ट करून आणलेला ब्लॉक असा माल असतो. खर्च माझ्या दुप्पट-तिप्पट.

ब्लॉक ०.२५ वर (मूळ मापापेक्षा तेवढा मिमी मोठा) बोअर झालेला आहे आणि पिस्टन ढिला आहे. क्रँकचा आवाज नाही. लातूर एमआयडीसीत चांगला लेथवाला आहे. विचारायचं असं: पोर्ट (ब्लॉकच्या भिंतीतली वायू आत-बाहेर जायची भोकं) किती घासावे, कार्ब कोणता घ्यावा, आणि उन्हात सीज होऊ नये (पिस्टन चिकटू नये) म्हणून काय करावं?

डिग्रीप्लेट

दादा, तुमच्या ट्रॅकवर १०,००० आरपीएमची ताकद काही कामाची नाही. वळणातून निघताना ६,००० ते ८,५०० या पट्ट्यात जे इंजिन सलग ओढतं, ते पुढं जातं. महागडे सेटअप इथंच मार खातात. पोर्ट उंच, कार्ब मोठा, चेंबर आखूड. त्यामुळं ताकद एकदम वरती येते आणि मुरमावर मागचं चाक नुसतं फिरत राहतं. म्हणून पैसा दिखाऊ मालावर न घालता आधी तळाला घाला.

क्रँक. आवाज नाही म्हणून सोडू नका. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावा. दोन्ही टोकांना रन-आउट (फिरताना होणारा डोल) ०.०३ मिमीच्या आत पाहिजे. रॉड वरखाली अजिबात हलता कामा नये. बाजूला थोडा हलतो, तो फिलर गेजनं मोजा. रॉड किट बदललंत तर क्रँक प्रेसवर जुळवणाऱ्याकडं डायल गेज आहे का, ते आधी विचारा. नुसता हातोडा मारून डोळ्यानं सरळ करणारा असेल तर देऊ नका. बेअरिंग सी-३ क्लिअरन्सचेच घ्या. साधे घेतले तर गरम झाल्यावर आवळतात.

दोन्ही ऑइल सील नवे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंप आहे, त्यामुळं सील गळलं की इंजिन गेलं. क्लच बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर येतो आणि प्लग ओला होतो. ते निदान दिसतं तरी. मॅग्नेट बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत येते, मिक्श्चर पातळ होतं (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं) आणि काही न दिसता पिस्टन चिकटतो. 'जेट (कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मोठा केला तरी सीज होतंय' अशी तक्रार असली की आधी हेच सील बघावं.

इंजिन बांधून झालं की लीक टेस्ट कराच. महागडं यंत्र लागत नाही. बीपी मोजायच्या जुन्या मशीनचा फुगा आणि गेज घ्या. एक्झॉस्ट आणि मॅनिफोल्डवर रबर-पट्टी आवळून बंद करा आणि प्लगच्या भोकात जुन्या प्लगची बॉडी पोकळ करून नळी जोडा. पिस्टन खाली आणा, म्हणजे पोर्ट उघडे राहतात. ३०० मिमी पाऱ्यापर्यंत हवा भरा, म्हणजे पावणेसहा पीएसआयच्या आसपास. ५ मिनिटांत काटा ५० मिमीपेक्षा जास्त उतरला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा: सील, तळपॅकिंग, रीड ब्लॉक (मिश्रण आत सोडणारी झडप), दोन केसांमधला जोड. ऑइल पंप काढून मिक्स ऑइलवर जाणार असाल तर पंपाच्या नळीचं तोंडसुद्धा नीट बंद करा. ते बहुतेक जण विसरतात.

पिस्टन. ०.५० वर जा, बोअर ५८.५ होईल आणि सीसी १३४.४. पुढं १.०० वर गेलात तरी १३६.७ भरतं, म्हणजे नियमात राहता. रेसिंगसाठी बिडाच्या स्लीव्हमध्ये क्लिअरन्स ०.०५ ते ०.०६ ठेवा. रस्त्यावरच्या गाडीइतका घट्ट ठेवलात तर मेच्या उन्हात पहिल्याच हीटमध्ये (रेसच्या फेरीत) चिकटेल. पिस्टन आधी विकत घ्या, तो मोजा आणि मगच त्याच्या मापानं बोअर मारून घ्या. रिंग गॅप ०.२५ ते ०.३५.

आता पोर्ट. आधी मोजा, मगच घासा. डिग्री प्लेट क्रँकवर लावा आणि पिस्टन स्टॉपरनं टीडीसी (पिस्टनचं सर्वांत वरचं टोक) काढा. तुमच्या ट्रॅकला ड्युरेशन, म्हणजे पोर्ट क्रँकच्या किती अंशांत उघडा राहतो ते, एक्झॉस्टचं १८२ ते १८६ अंश आणि ट्रान्सफरचं (क्रँककेसमधून मिश्रण वर आणणारे पोर्ट) १२०-१२२ पुरे. स्ट्रोक ५० मिमी आहे, त्यामुळं एक्झॉस्टची वरची कड १ मिमी वर गेली की ड्युरेशन साधारण साडेचार अंशांनी वाढतं. यावरून समजा की हात घसरून जास्त झालेला अर्धा मिमी किती महागात पडतो. घासलेलं परत येत नाही. रुंदी बोअरच्या ६५ टक्क्यांवर नेऊ नका, म्हणजे ३८ मिमीच्या आत, नाहीतर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. घासून झालं की प्रत्येक कडेला बारीक गोलाई द्या आणि ब्लॉक साबण-पाण्यानं धुऊन लगेच तेल लावा. बोअरमध्ये राहिलेली एमरीची पूड आठवड्यात रिंगा खाते.

स्क्विश, म्हणजे पिस्टन वर असताना त्याची कड आणि हेडची पट्टी यांमधली फट, कथिलाच्या तारेनं मोजा. २ मिमी जाडीची तार, पिस्टन-पिनच्या रेषेत दोन्ही टोकांना, म्हणजे पिस्टन डोलला तरी माप बिघडत नाही. ०.९ ते १.० मिमी हवं. कंपनीच्या पॅकिंगवर बऱ्याचदा ते बरंच जास्त निघतं. इथं फुकटात टॉर्क आहे, आणि हे काम नुसतं लेथवर होतं.

काळी_माती

वरचं सगळं बरोबर. मी धूळ आणि ऊन यावर बोलतो, कारण मराठवाड्यात इंजिनं त्यानंच जातात.

जाळीचा कोन फिल्टर लावू नका. दिसायला छान, पण काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि जाळीतून सरळ आत जाते. दोन थरांचा फोम घ्या. फिल्टर ऑइल लावून पिळा, फोम सगळीकडं सारखा ओला दिसला पाहिजे. बसायच्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्या. दोन-तीन फोम तयार ठेवा आणि प्रत्येक हीटनंतर बदला. पेट्रोलमध्ये धुऊन लगेच लावू नका, जोडाचा गोंद सुटतो. कार्बच्या आतल्या तोंडावर बोट फिरवून बघा. बोटाला खरखर लागली तर फिल्टर गळतोय.

जेटिंग. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळं जुन्या पेट्रोलवर बरोबर असलेला मेन जेट आता पातळ पडतो. एक-दोन नंबर मोठ्यापासून सुरुवात करा आणि खाली या, वर जायची सवय लावू नका. पूर्ण थ्रॉटलला इंजिन गुरगुरतं, साफ वाजत नाही, तिथून एकेक नंबर कमी करा. जिथं आवाज स्वच्छ होतो तिथं थांबा आणि रेससाठी तिथून एक नंबर परत वर जा. पेट्रोल कॅनमध्ये उघडं ठेवू नका, ते ओल ओढतं. मग पाणी तळाला बसतं आणि ऑइलचं मिश्रण फाटतं. रेसच्या दिवशीच मिसळा.

ऑइल १:२५, म्हणजे लिटरला ४० मिली. मापाचा ग्लास वापरा, झाकणानं मोजू नका. आणि एक ध्यानात घ्या: ऑइल वाढवलं की तेवढ्या मिश्रणात पेट्रोल कमी जातं, म्हणजे जेट किंचित पातळ होतो. ऑइल वाढवलं की गाडी सुरक्षित होते हा समज अर्धाच खरा आहे.

उन्हाचं गणित उलटं आहे. दुपारी ४२ अंशाला हवा विरळ, सकाळच्या २५ अंशाच्या मानानं सुमारे ५ टक्के कमी. दुपारच्या सरावात बरोबर बसवलेला जेट दुसऱ्या दिवशी सकाळच्या हीटला पातळ पडतो आणि तेव्हा सीज होतं. लोक म्हणतात थंड हवेत कसं काय चिकटलं? त्यामुळंच. सकाळी एक नंबर वर, दुपारी परत खाली.

प्लग कंपनीच्यापेक्षा एक नंबर थंड, एनजीकेत नंबर जितका मोठा तितका प्लग थंड. हेड-ब्लॉकच्या पंख्यांमधला (फिन्समधला) चिखल प्रत्येक हीटनंतर काढा. एअर-कूल्ड इंजिनाला तोच रेडिएटर आहे.

गोदाकाठ

पल्सर १५०चं का बघत नाही? जुन्या मॉडेलमध्ये ५८ × ५६.४ मिमी, म्हणजे १४९ सीसी. पिस्टन-ब्लॉक-क्रँक कुठल्याही तालुक्याला मिळतं. आरएक्सचा चांगला ब्लॉक शोधत फिरायची वेळ येत नाही.

डिग्रीप्लेट

चार-स्ट्रोकचा वर्ग वेगळा असेल तिथं पल्सर उत्तम, सुट्या भागांसाठी तर नक्कीच. पण हा वर्ग टू-स्ट्रोकचा आहे. दर फेऱ्याला फायर होणाऱ्या १३४ सीसीपुढं स्टॉकजवळचं १४९ आखूड ट्रॅकवर मागं पडतं, आणि ते उचलायला कॅम-हेडचं काम लागतं. ३० हजारांत तो रस्ता नाही.

कार्बबद्दल: २८ घेऊ नका. २४, फार तर २६. मोठ्या कार्बमध्ये कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट फवारलं जात नाही आणि वळणातून थ्रॉटल उघडताच इंजिन गुदमरतं. शिवाय स्वस्त नकली कार्बच्या जेटवर छापलेला नंबर आणि प्रत्यक्ष वाहणारं पेट्रोल यांचा मेळ नसतो, मग ट्यूनिंग जमतच नाही. त्यापेक्षा सुस्थितीतला जुना अस्सल मिकुनी घ्या.

चेंबर घरी बनतो. १ मिमीचा सीआरसी (कोल्ड-रोल्ड) पत्रा, कोन कापून गॅस वेल्डिंग. लांबीसाठी हे सूत्र: एक्झॉस्टचे अंश × ४३,१८० ÷ आरपीएम = मिमी, पिस्टनच्या तोंडापासून मागच्या कोनाच्या साधारण मध्यापर्यंत. १८४ अंश आणि ८,५०० धरले तर ९३५ मिमी. हेच ९,५००साठी केलंत तर ८३६ येतं. तयार चेंबर बहुतेक या आखूड बाजूला झुकलेले असतात, म्हणून लहान ट्रॅकवर ते खाली पोकळ वाटतात. वेल्डिंग आतून गुळगुळीत ठेवा आणि फ्लँजच्या जोडाला पायरी राहू देऊ नका.

मागचं स्प्रॉकेट तीन-चार दात्यांनी मोठं करा. पुढचा एक दाता कमी केल्यानं साधारण तेवढाच फरक पडतो. क्लच प्लेट नव्या, स्प्रिंगा थोड्या कडक. ओढ वाढली की जुना क्लच आधी सरकतो, आणि लोक दोष कार्बला देत बसतात.

मांजराकाठ

मनापासून आभार. बोअर ५८.५ केला, पिस्टन बसवून मोजलं. एक्झॉस्ट १८०, ट्रान्सफर १२२, स्क्विश १.७. आता हे ०.७ कुठून काढू? ब्लॉकच्या तळातून का हेडमधून?

डिग्रीप्लेट

तळातून ०.७ काढलं तर सगळे पोर्ट ०.७नं खाली येतात. एक्झॉस्ट साधारण १७७ आणि ट्रान्सफर ११८च्या आसपास. ट्रान्सफर जास्त घटतं, कारण तिथं पिस्टन हळू चालतो आणि तेवढ्याच उंचीला जास्त अंश लागतात. मग एक्झॉस्ट दीड मिमी वर घासून १८४ला आणायचं, म्हणजे काम वाढलं. तुमचं ट्रान्सफर आधीच १२२ आहे, ते छेडू नका. हेडमधून काढा आणि एक्झॉस्टची वरची कड फक्त १ मिमी वर घ्या, १८४.६ येईल.

हेडमधून ०.७ गेलं की हेडमधल्या ज्वलन-पोकळीचा आकार सुमारे १.९ सीसीनं घटतो. कापून झालं की हेड पॅकिंगसह बसवा, पिस्टन टीडीसीला ठेवा, प्लगच्या भोकातून सिरिंजनं ऑइल भरा. आट्यांच्या वरच्या कडेपर्यंत किती गेलं ते बघा आणि त्यातून प्लगच्या आट्यांचे साधारण २ सीसी वजा करा. उरलेलं १२.८ सीसी हवं, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो ११.५ बसतो. एक्झॉस्ट बंद झाल्यापासून मोजला तर हाच ६.७च्या आसपास येतो, एअर-कूल्डला पंपाच्या पेट्रोलवर तो झेपतो. १२ सीसीच्या खाली आलं तर मधली वाटी लेथवर थोडी मोठी करा, स्क्विशच्या पट्टीला हात लावू नका.

हेड सपाट कापल्यानं पट्टीचा उतार पिस्टनच्या डोक्याशी जुळेनासा होतो, म्हणून लेथवाल्याला पिस्टन द्या आणि त्याच उतारानं पट्टी मारून घ्या. मग तार परत टाका. बाहेरच्या कडेला ०.९ आणि आत थोडं जास्त भरलं तर ठीक. कुठंही ०.७५च्या खाली असेल तर तळाला ०.२चं पॅकिंग वाढवा आणि डिग्री प्लेट परत लावून पोर्ट मोजा.