'रीसर्च इम्पॅक्ट'ला मराठीत काय म्हणाल?

रानजाई: शिक्षणविषयक मासिकासाठी टेरी अँडरसन यांचा परिचय लिहितेय. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या अथाबास्का या मुक्त विद्यापीठात ते दूरशिक्षणाचे प्राध्यापक होते. ऑनलाइन शिक्षणावरचा प्रबंध उघडला की त्यांचं नाव बहुधा सापडतंच. माझं घोडं 'रीसर्च इम्पॅक्ट'पाशी अडलंय. संपादक 'संशोधन प्रभाव' म्हणतात, मला ते शासन निर्णयातलं वाटतं. 'ओपन ॲक्सेस'ला, म्हणजे संशोधन कुणालाही पैसे न भरता वाचता येण्याला, त्यांनी 'मुक्त प्रवेश' केलंय, तेही खटकतं.

टाकसाळ: 'परिणाम' नको. 'पावसाचा पिकांवर परिणाम' म्हटलं की नुकसानच डोळ्यांपुढे येतं. 'छाप' माणसाच्या व्यक्तिमत्त्वाची पडते, 'पडसाद' विधिमंडळात उमटतात. उरतो 'प्रभाव', आणि तो वाईट नाही. पण आधी सांगा, तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय? त्यांचे निबंध किती जणांनी संदर्भाला घेतले ते, की त्यामुळे शिकवणं बदललं ते? ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या २०१४ च्या संशोधन मूल्यमापनात 'इम्पॅक्ट' म्हणजे विद्यापीठीय जगाबाहेर झालेला बदल एवढंच धरलं होतं आणि त्याला २० टक्के वजन होतं. २०२१ मध्ये ते २५ टक्के झालं. एच-इंडेक्सचा, म्हणजे निबंध किती वेळा संदर्भाला आले त्यावरून काढलेल्या मापाचा, त्याच्याशी संबंध नाही.

रानजाई: दोन्ही म्हणायचंय. रँडी गॅरिसन, अँडरसन आणि वॉल्टर आर्चर यांचा २००० सालचा निबंध हजारो ठिकाणी संदर्भाला आलाय. तेव्हा ऑनलाइन वर्ग म्हणजे नुसते टंकलेले निरोप. ना चेहरा, ना आवाज. तरी त्यातून खोल शिकणं होतं का, हा त्यांचा प्रश्न. उत्तरात त्यांनी तीन 'प्रेझेन्स' मांडले: विचाराचा, माणसांचा आणि अध्यापनाचा. याला 'उपस्थिती' लिहिलं तर हजेरीपट आठवतो.

टाकसाळ: 'वावर' घ्या. 'शिक्षकाचा वर्गात वावर असतो' हे आपण म्हणतोच. हजेरी लावूनही वावर नसणारे सगळ्यांना माहीत आहेत.

वऱ्हाडी ठेचा: आमच्याकडं वावर म्हणजे शेत. 'सामाजिक वावर' वाचून लोक सातबारा शोधतील.

जुना समंत्रक: ताई, मी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर बरीच वर्षं समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, होतो, म्हणून थोडं लांबवतो. १९८९ मध्ये विद्यापीठ निघालं, पहिले कुलगुरू राम ताकवले. 'समंत्रक', 'संपर्कसत्र' (केंद्रावर समोरासमोर होणारा वर्ग), 'शिक्षणक्रम' हे शब्द सुरुवातीला सगळ्यांनाच जड गेले. आज शेतकरी विद्यार्थीही 'रविवारी संपर्कसत्र आहे' असं सहज म्हणतो. तेव्हा नव्या शब्दाला भिऊ नका. मात्र 'मुक्त प्रवेश' बिलकूल नको. आमच्याकडे त्याचा अर्थ बारावी नसली तरी प्रवेश मिळणं, असाच घेतला जाईल. अँडरसन यांच्या बाबतीत मुद्दा वाचायला मिळण्याचा आहे. अथाबास्कातून २००० पासून निघणाऱ्या ज्या संशोधनपत्राचे ते बरीच वर्षं संपादक होते, ते कुणालाही पैसे न भरता वाचता येतं. त्यांनी संपादित केलेलं ऑनलाइन शिक्षणावरचं पुस्तकही विद्यापीठाने तसंच ठेवलंय. याला 'मुक्त वाचन' म्हणा, किंवा सरळ 'सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध'. 'खुलं' म्हणू नका. महाराष्ट्रात 'खुला' म्हटलं की पुढे 'प्रवर्ग' येतोच.

वऱ्हाडी ठेचा: हे खरंय.

टाकसाळ: 'विनामूल्य' अपुरं पडतं. फुकट वाचायला देणं वेगळं, आणि घ्या, छापा, भाषांतर करा अशी मुभा देणं वेगळं. परवाना तपासून मगच शब्द ठरवा.

रानजाई: आणि 'सायटेशन', म्हणजे दुसऱ्याचा निबंध संदर्भाला घेणं? 'अवतरण' म्हणजे उतरवून घेतलेला मजकूर, ते नको ना?

टाकसाळ: नकोच. 'संदर्भोल्लेख'. एच-इंडेक्सला 'एच-निर्देशांक' चालेल, पण एकदा फोड करून सांगा: ४० असेल तर किमान ४० निबंध असे, की प्रत्येकाचा निदान ४० वेळा उल्लेख झालाय. हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढलेलं माप आहे. शिक्षणशास्त्रात ते जपून वापरावं, कारण इथे बरंच महत्त्वाचं लेखन पुस्तकांत असतं.

जुना समंत्रक: माझ्या मते परिचयात आकड्यांपेक्षा २००३ चा निबंध यायला हवा. विद्यार्थ्याची आंतरक्रिया तीन प्रकारची: शिक्षकाशी, सहाध्यायींशी, पाठ्यसामग्रीशी. अँडरसन म्हणतात, यातली एक जरी उत्तम दर्जाची असली तरी खोल शिकणं होऊ शकतं. बाकीच्या दोन कमी असल्या किंवा अगदी नसल्या तरी. मुक्त विद्यापीठाला याचा अर्थ फार थेट पोचतो. प्रत्येक तालुक्यात शिक्षक देता येत नाही, पण पुस्तक नीट लिहिता येतं. मात्र याचा आधार घेऊन संपर्कसत्रं कापणारेही निघतात. त्यांना मूळ वाक्यातलं 'उत्तम दर्जाची' दिसत नाही.

रानजाई: मग 'रीसर्च इम्पॅक्ट' एका शब्दात कोंबतच नाही. 'त्यांच्या निबंधांचे संदर्भोल्लेख हजारोंनी झाले आणि ऑनलाइन वर्गाची आखणी करणाऱ्यांनी त्यांची मांडणी हाताशी धरली' असं लिहिते. शीर्षकात 'प्रभाव' ठेवू देते, संपादकही खूश. 'प्रेझेन्स'ला 'वावर'च.

वऱ्हाडी ठेचा: ठेवा. फक्त 'अध्यापनाचा वावर' असं अख्खं लिहा, सुटं नको. आणि 'समाजाचा वावर' नका करू, 'माणसांचा' बरा.

टाकसाळ: 'विचाराचा वावर' मला अजून पटत नाही. वावर माणसांचा असतो. विचार रुजतो, मुरतो. त्या एकासाठी दुसरं काही सुचतंय का कुणाला?