शब्दचर्चा: सजगता, अवधान, भान, कृतज्ञता... की नुसती 'जाण'?

वेलांटी
एका आरोग्यपुस्तिकेचा मराठी मसुदा तपासायचा आहे. त्यात 'माइंडफुलनेस'ला (आत्ता जे चाललंय त्याकडे लक्ष असणं) 'सजगता' आणि 'ग्रॅटिट्यूड'ला 'कृतज्ञता' असे शब्द योजलेत. वाक्य असं: "दैनंदिन जीवनात सजगतेचा आणि कृतज्ञतेचा सराव करावा." व्याकरणात खोट नाही, पण हे वाचून नेमकं काय करायचं ते कुणालाच कळणार नाही. वाचक मुख्यतः बचत गटांतल्या बायका. नुसता प्रतिशब्द नको, तो वाक्यात कसा बसतो तेही सांगा.

अनुस्वार
'सजग' आपल्याकडे 'सजग नागरिक' असा येतो. म्हणजे डोळ्यांत तेल घालून पाहणारा, कुठे काय चुकतंय ते हेरणारा. इथे तर काहीच हेरायचं नाही. जे आहे ते दिसू द्यायचं. 'सजगतेचा सराव' म्हटलं की लोक खांदे ताठ करून बसतात. 'जागरूकता' त्याच वाटेची, शिवाय ती आता सरकारी फलकांवर राहायला गेली आहे.

मूळ शब्द पालीतला: 'सति'. संस्कृतात 'स्मृती'. पालीचे इंग्रज अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 1881 साली सुत्तांच्या, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या, भाषांतरात त्याला 'माइंडफुलनेस' म्हटलं आणि पुढे तेच रूढ झालं. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण कमी करण्याचा कार्यक्रम सुरू केला, तिथून तो शब्द आधी दवाखान्यांत आणि मग कचेऱ्यांत शिरला. म्हणजे आपण प्रतिशब्द शोधतोय तो आपल्याकडूनच गेलेल्या शब्दाला. महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत तर तो आजही आहे: अष्टांगिक मार्गाचं सातवं अंग, 'सम्यक स्मृती'.

काना
पण स्मृती म्हणजे आठवण. आत्ता चाललेल्या गोष्टीची आठवण कशी ठेवणार?

अनुस्वार
गोम तिथेच आहे. श्वास बघायचा असं ठरवलं, आणि चौथ्या श्वासाला मन मंडईत पोचलं. पाच मिनिटांनी ध्यानात येतं, 'अरे, आपण श्वास बघत होतो.' ते आठवणं म्हणजे सति. मन जाणं ही चूक धरलेलीच नाही, परत येणं हाच सराव. त्यामुळे ज्या शब्दात 'विसरणं आणि पुन्हा आठवणं' हे बसत नाही तो शब्द मी बाद करीन. 'एकाग्रता' याच कारणाने बाद. परंपरेनेही तिला वेगळी जागा दिली आहे: सातवी स्मृती, आठवी समाधी.

पाऊणशहाणा
मग 'अवधान' का नको? ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची पहिलीच ओवी श्रोत्यांकडे अवधान मागते. अस्सल, जुना, नेमका शब्द. गंमत म्हणजे आज आपण रोज वापरतो ते 'अनवधानाने'. चूक झाली की अनवधान आठवतं. 'अवधानाने भाजी चिरली' असं कुणी म्हणत नाही. 'सावधान'चंही तसंच झालं. स + अवधान, म्हणजे लक्ष देऊन असलेला. मंगलाष्टकांत त्याचा अर्थ तोच. आता मात्र तो रोहित्राच्या कुंपणावर कवटीच्या चित्राखाली दिसतो.

('व्यवधान' मात्र यात घेऊ नका. कुणी ते 'अडथळा' म्हणून वापरतं, कुणी 'भान' म्हणून. नको तो घोळ.)

काना
अवधान छान आहे, पण बचत गटाच्या बैठकीत 'अवधान द्या' म्हटलं तर बायांना कीर्तनाला बसल्यासारखं वाटेल. 'भान' घ्या. 'भा' म्हणजे प्रकाशणे, त्यावरून भान: जे उजळतं, दिसू लागतं ते. आणि क्रियापदं तयारच आहेत: भान असणे, भान ठेवणे, भान सुटणे, भानावर येणे. 'भानावर येणे'मध्ये अनुस्वार म्हणतात ते परत येणंही आलं.

पाऊणशहाणा
एक हरकत. मराठीत भान हरपणं ही चांगली गोष्ट आहे. कीर्तनात देहभान हरपतं, गाणं ऐकताना भान राहत नाही. तुम्ही म्हणताय भान ठेवा. ऐकणारीला वाटेल, म्हणजे तल्लीन होऊ नका? शिवाय 'जरा भान ठेवून बोल' ही तंबी आहे. सासू सुनेला देते ती.

काना
'भान ठेव' ही तंबी आहे, मान्य. 'भान असू दे' तितकं टोचत नाही. आणि 'कशाचं' ते सोबत सांगितलं की तंबी उरत नाही: श्वासाचं भान, पावलांचं भान, घासाचं भान.

मात्रा
मी हे शिकवते त्या बाजूने सांगते. शब्द चुकला की सराव चुकतो. 'ध्यान लावा' म्हटलं की लोक मन चिकटवायला जातात, नाही चिकटलं की 'मला जमत नाही' म्हणून सोडतात. 'मन शांत करा' याहून वाईट, कारण शांतता हुकमाने येत नाही. आणि 'श्वासावर लक्ष केंद्रित करा' म्हटलं की दहांतले सातआठ जण श्वास ओढायला लागतात. मग छाती भरते, डोकं हलकं होतं. 'श्वास घ्या' नाही, 'श्वास बघा'. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस नुसतं आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास पाहणं, असतं. तिथेही हेच बजावतात की श्वास नैसर्गिक राहू दे, हा प्राणायाम नव्हे.

पुस्तिकेत इतकं पुरे:

खुर्चीत किंवा जमिनीवर बसा, पाठ सरळ पण ताठलेली नको. डोळे मिटा किंवा समोर हातभर अंतरावर खाली ठेवा (काहींना डोळे मिटल्यावर घाबरल्यासारखं होतं, त्यांना मिटायला लावू नका). नाकपुड्यांच्या तोंडाशी हवा आत जाते, बाहेर येते, तेवढं कळू द्या. बाहेर येणाऱ्या श्वासागणिक एक ते दहा मोजा, पुन्हा एकपासून. मोजणी चुकली किंवा सतरावर गेली, तर ते कळलं हेच काम झालं. एकपासून सुरू करा. सुरुवातीला पाच मिनिटं. पहिल्याच दिवशी वीस मिनिटं बसवलं तर पाय बधिर होतात आणि आठवण राहते ती फक्त बधिर पायांची. झोप येत असेल तर जेवणानंतरची वेळ बदला, उभ्याने करा.

बसायला वेळच नसेल तर एक रोजचं काम धरा. भांडी घासताना पाण्याचा गारवा, घासणीचा खरखरीतपणा, हाताची ये-जा. सगळी भांडी नकोत, पहिली तीन. 'दिवसभर भान ठेवा' हे सांगणं म्हणजे काहीच न सांगणं.

वेलांटी
हे उपयोगी आहे. म्हणजे नाम टाळून क्रियापदं वापरायची. आता 'कृतज्ञता'?

अनुस्वार
कृत + ज्ञ. केलेलं जाणणारा. पालीतही 'कतञ्ञू', आणि महामंगलसुत्तात संतोषाच्या शेजारीच 'कतञ्ञुता' येते. शब्दात उपकार फेडणं नाही, भावनेने गहिवरणं नाही. फक्त माहीत असणं आहे. विरुद्ध शब्द 'कृतघ्न', केलेलं मारून टाकणारा. भाषणांत 'मी आपला अत्यंत कृतघ्न आहे' ऐकू येतं, कधीकधी ते खरंही असतं.

बाकीचे शेजारी वेगळे ठेवा. 'आभार' नेहमी अनेकवचनी आणि ते मानतात. 'आभार व्यक्त केले' हे कृतज्ञतेचं क्रियापद उसनं घेतलेलं. 'धन्यवाद' देतात. 'कृतकृत्य' म्हणजे करायचं ते करून झालेला. कृतज्ञतेशी त्याचा संबंध नाही, तरी सत्काराला उत्तर देताना लोक हटकून तोच वापरतात. 'ऋणी'मध्ये फेड आली. 'उतराई' मराठीत बहुधा नकाराकडे किंवा प्रश्नाकडे झुकतं: कशी उतराई होऊ?

पाऊणशहाणा
आणि घरात यातलं काहीच चालत नाही. आईने पोळी वाढली आणि 'आभारी आहे' म्हटलं तर ती आधी ताप आहे का बघेल. नवऱ्याला 'फार उपकार झाले' म्हटलं तर भांडण सुरू. घरच्यांचे आभार मानणं म्हणजे त्यांना पाहुण्यांच्या रांगेत बसवणं. त्यामुळे 'दररोज तीन जणांचे आभार माना' हा सल्ला जसाच्या तसा छापलात तर फसणार. आपल्याकडे ते दुसऱ्या वाटेने बोललं जातं: 'तू होतीस म्हणून निभावलं.' 'बरं झालं आठवण केलीस.' 'आमटी अगदी परवासारखी झालीय.' यात आभार कुठेच नाहीत, पण केलेलं कळलंय हे कळतं.

मात्रा
कृतज्ञतेच्या नोंदी वहीत लिहायच्या पद्धतीतही नेमका हाच फरक पडतो. एमन्स आणि मॅक्कलो या मानसशास्त्रज्ञांच्या 2003 च्या पहिल्या प्रयोगात एका गटाला आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. पुस्तिकांमध्ये मात्र 'रोज लिहा' एवढंच असतं, आणि दहाव्या दिवशी वहीत 'आरोग्य, कुटुंब, घर' हेच तीन शब्द उतरत राहतात. तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा, तीन नोंदी, आणि प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी: कुणी, काय केलं, त्यासाठी त्याला काय कष्ट पडले. 'शेजारीण चांगली आहे' ही नोंद नव्हे. 'शेजारणीने मंगळवारी पाणी आल्यावर आपली घागर बाजूला ठेवून आधी आमची भरली', ही नोंद.

लिहिता येत नसेल तर बैठकीत प्रत्येकीने एकच सांगावं. आणि ज्या घरात मारहाण आहे, मजुरी बुडवली आहे, तिथे 'जे आहे त्याबद्दल कृतज्ञ राहा' हे वाक्य चुकूनही नको. ती तोंड दाबण्याची सोय होते.

जपानच्या योशिमोतो इशिन यांच्या 'नाइकान' या आत्मपरीक्षणाच्या पद्धतीत एका माणसाबद्दल तीन प्रश्न असतात: त्याच्याकडून मला काय मिळालं, मी त्याला काय दिलं, मी त्याला काय त्रास दिला. चौथा, म्हणजे त्याने मला काय त्रास दिला, मुद्दाम वगळलेला आहे. तो आपल्याला न विचारताच आठवतो. पण छळ करणाऱ्या माणसाबद्दल हे प्रश्न विचारायला लावू नका.

काना
मग दोन्हींना एकच शब्द का नको? 'जाण'. वेळेची जाण, श्वासाची जाण, केलेल्याची जाण. 'उपकारांची जाण ठेवणारा माणूस' हे गावातही बोलतात. जेवताना म्हणतात त्या 'वदनि कवळ घेता'मध्येही शेवटी 'जाणिजे यज्ञकर्म' आहे: हे नुसतं पोट भरणं नव्हे, यज्ञकर्म आहे, हे जाणायचं. आणि तुकोबांच्या 'काय सांगों आतां संतांचे उपकार' या अभंगात पुढचेच शब्द 'मज निरंतर जागविती'. उपकार कोणते, तर जागं ठेवतात हे.

अनुस्वार
पटलं. फक्त 'जाण' आणि 'जाणीव' यांची अदलाबदल करू नका. जाणीव होते, करून देता येते. जाण असते, नाहीतर ठेवावी लागते. 'कष्टांची जाणीव करून दिली' हे सुनावणं झालं, 'कष्टांची जाण ठेवली' हे नाही. आणि 'जाणीवपूर्वक श्वास घ्या' नको, तो 'मुद्दाम' होतो. मात्रा म्हणतात तीच गडबड परत.

वेलांटी
शीर्षक 'श्वासाची जाण, केलेल्याची जाण' असं ठेवते. आतल्या मजकुरात 'सजगता' एकदाच, इतरत्र तो शब्द भेटला तर ओळखू यावा म्हणून. मसुद्याच्या चौथ्या पानावर 'दीर्घ श्वास घेऊन मन रिकामे करा' आहे, ते काढून मात्रा यांची मोजणी घालते. 'घासणी' सगळीकडे चालेल ना, की 'काथ्या' लिहू?

मात्रा
'भांड्याचा खरखरीतपणा' लिहा. राखेने घासणाऱ्याही आहेत.