माजी सैनिक संघटनांचा निधी: शिबिरांसाठी की वीरपत्नींच्या कागदपत्रांसाठी?

विक्रोळीकर (धागाकर्ता)

मुंबईच्या उपनगरांत माजी सैनिकांच्या अनेक लहानमोठ्या संघटना आहेत आणि त्यांच्या समाजकार्याला आता एक ठरावीक वळण लागले आहे. प्रजासत्ताक दिनाला रक्तदान शिबिर, जूनमध्ये महापालिकेच्या शाळेत वह्यावाटप, पावसाळ्यात वृक्षारोपण आणि ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला वीरपत्नींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. यांतले एकही काम वाईट नाही. पण पहिली तिन्ही कामे गल्लीतले कोणतेही मित्रमंडळ करू शकते आणि पुष्कळ मंडळे ती अधिक चांगली करतात. मग फौजेत उमर घालवलेल्या माणसांच्या संघटनेकडे असे काय आहे, जे दुसऱ्या कोणाकडे नाही?

माझे उत्तर असे की, त्यांना फौजेचे कागद वाचता येतात. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. त्यामुळे नवऱ्याच्या डिस्चार्ज बुकात (सेवामुक्तीच्या नोंदपुस्तकात) माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, बँकेच्या पासबुकात लाडाने पडलेले तिसरेच आणि जन्मतारीख कुणीतरी अंदाजाने लिहिलेली १ जानेवारी, अशी स्थिती असलेल्या विधवा साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत आहेत आणि मुलांबरोबर मुंबईत आलेल्याही कमी नाहीत. निवृत्तिवेतनाचा कारभार आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून प्रयागराजच्या कार्यालयामार्फत चालतो. नावे जुळली नाहीत की अर्ज परत येतो आणि दरवर्षीची हयातीची नोंद राहिली की पैसे थांबतात. सामान्य कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असते, मृत्यू सेवेमुळे झाल्याचे मान्य झाले तर ते ६० टक्के होते आणि शत्रूच्या कारवाईत मृत्यू झाला असेल तर शेवटच्या वेतनाइतके मिळते. म्हणजे एका वैद्यकीय अहवालातल्या एका वाक्यावर त्या बाईच्या उरलेल्या आयुष्याचा खर्च अवलंबून असतो. ते वाक्य शोधून त्यावर अपील लिहू शकणारा जुना क्लार्क-हवालदार संघटनेत असतोच. शिबिराच्या दिवशी मात्र तो खुर्च्या मोजत असतो.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की, संघटनांनी पाच वर्षे निम्म्याहून अधिक निधी आणि जवळजवळ सगळे मनुष्यबळ या एकाच कामाला द्यावे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

निवृत्त नौसैनिक, कुलाबा

प्रस्तावातील कळकळ मान्य आहे, पण निष्कर्ष अजिबात मान्य नाही. जे काम आपण संघटनांच्या गळ्यात घालू पाहता, ते करण्यासाठी शासनाने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये उघडली आहेत, त्यांत कल्याण संघटक नेमलेले आहेत, त्यांच्यावर पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आहे आणि त्याहीवर दिल्लीत केंद्रीय सैनिक बोर्ड आहे. पगारी यंत्रणेचे काम आपण फुकट उरकू लागलो, तर रिक्त पदे भरण्याची निकड कोणाला वाटेल? शिवाय चुकीचा सल्ला दिला आणि अपिलाची मुदत गेली, तर त्याची जबाबदारी कोण घेणार?

दुसरे असे की, सैनिकाने निवृत्तीनंतर फक्त सैनिकांचेच पाहावे ही कल्पना मला संकुचित वाटते. अमेरिकेत स्पेनविरुद्धच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांनी १८९९ मध्ये स्थापन केलेली ‘व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स’ ही संस्था सभासदत्वाच्या बाबतीत कमालीची काटेकोर आहे; परदेशातील युद्धसेवेशिवाय तिथे प्रवेश नाही. तरी तीच संस्था १९४७ मध्ये सुरू झालेली, शाळकरी मुलांसाठीची लोकशाहीवरील भाषणांची शिष्यवृत्ती स्पर्धा चालवते आणि त्या मुलांचे वडील सैनिक आहेत की शिंपी, असे विचारत नाही. महापालिकेच्या शाळेतील मुलाने गणवेशातला माणूस फक्त २६ जानेवारीच्या संचलनात टीव्हीवरच पाहावा काय?

ताळेबंद

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट राहून गेली, ती पैशाच्या उगमाची. महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५० खाली नोंदणी झालेल्या संस्थेला आपल्या घटनेत लिहिलेल्या उद्दिष्टांवरच खर्च करता येतो आणि दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. तेव्हा ‘निम्मा निधी वळवा’ असे म्हणण्याआधी घटना काढून वाचावी. पुष्कळ संघटनांच्या घटनेत ‘सभासदांचे कल्याण’ हे एकच कलम असते आणि वह्यावाटप त्यात कुठे बसते हे वर्षानुवर्षे कोणी विचारलेले नसते.

मोठी रक्कम येते ती कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत माजी सैनिक, युद्धविधवा आणि त्यांचे अवलंबित यांच्यासाठीचा खर्च स्पष्टपणे धरला आहे. म्हणजे विक्रोळीकरांच्या कामाला कायद्याची आडकाठी नाही. अडचण व्यवहाराची आहे. देणगीदाराला फलक हवा असतो, दाराएवढा पुठ्ठ्याचा धनादेश हवा असतो आणि तो हातात धरायला हसतमुख माणसे हवी असतात. प्रयागराजला पाठवलेल्या अर्जाचे छायाचित्र कोणत्या वार्षिक अहवालात छापणार? शिबिरे बंद केली, तर कागदपत्रांच्या कामासाठी लागणारा झेरॉक्सचा खर्चही उरणार नाही, अशी मला भीती आहे.

वाशीहून एक लेक

मी माजी सैनिकाची मुलगी आहे आणि आईचे सगळे अर्ज मीच केले, म्हणून लिहिते. वडील निवृत्त झाल्यावर पुष्कळ वर्षांनी आजारपणात गेले. ध्वजदिनाच्या मंचावर ‘वीरपत्नी’ म्हणून जिला बोलावतात, ती माझी आई नव्हे आणि त्याबद्दल आमची तक्रारही नाही, कारण ज्यांचे पती लढताना गेले त्यांचा मान मोठाच आहे. पण या चर्चेत सगळे जण वीरपत्नी हा शब्द वापरत असताना मागे राहिलेल्या बहुसंख्य बायका माझ्या आईसारख्या आहेत, हे निसटू नये. त्यांच्यासाठी सत्कार नाही, कंपनीची देणगी नाही आणि छायाचित्र तर नाहीच.

विक्रोळीकर दादांशी माझा मतभेद वेगळ्या जागी आहे. कागद उघडले की घर उघडे पडते. नामनिर्देशन कोणाचे, दुसरे लग्न झाले होते का, थोरल्या मुलाने अंगठा कशावर घेतला, हे सगळे बाहेर येते. आईच्या वयाची बाई हे संघटनेच्या कार्यालयात, वडिलांच्या ओळखीच्या चार पुरुषांसमोर कधीही बोलणार नाही. तिथे एखादी स्त्री बसणार नसेल, तर कितीही निधी वळवला तरी ती खुर्ची रिकामीच राहील. आणखी एक. आईला रेफरल घेऊन कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात जायचे, तर वाशीहून सीएसएमटी आणि पुढे आर. सी. चर्चची बस. त्या दिवशी सोबत येणारे माणूस मिळाले असते, तर ते मला कोणत्याही अपिलाइतकेच मोलाचे वाटले असते.

खडकीचा जावई

कुलाब्याच्या नौसैनिक साहेबांनी अमेरिकेतील संस्थेचा दाखला दिला, पण सोयीचा तेवढाच दिला. त्याच संस्थेचे प्रशिक्षित सेवा अधिकारी माजी सैनिकांचे सरकारी दावे विनामूल्य तयार करून देतात आणि त्यासाठी सभासद असण्याची अट घालत नाहीत. त्यांच्याकडे सरकारी खाते नाही म्हणून हे चालते असेही नाही. तिथे माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारचा स्वतंत्र आणि भलामोठा विभाग आहे, तरीही दावेदाराच्या बाजूने बसणारा माणूस लागतोच. सरकारी कार्यालय नियम सांगते; आपल्या बाजूने युक्तिवाद करणे हे त्याचे काम नसते. ‘शासन करील’ हा आक्षेप म्हणूनच मला पटत नाही. चुकीच्या सल्ल्याची भीती मात्र खरी आहे आणि तिच्यावर उपाय प्रशिक्षण हाच आहे.

त्या अमेरिकी संस्थेची कागदी पॉपीची फुलेही पाहावीत. १९२२ पासून वाटली जाणारी ही फुले विकलांग माजी सैनिक तयार करतात, त्यांना त्याची मजुरी मिळते आणि जमलेली देणगी मदतकार्याला जाते. आपला ध्वजदिनही १९४९ पासून चिमुकल्या ध्वजाच्या बदल्यात देणगी याच रीतीने चालत आला. पण आता तो जिल्ह्याचा ‘इष्टांक’, म्हणजे ठरवून दिलेली रक्कम, पूर्ण करण्याचा विषय झाला आहे आणि ध्वज कोणी तयार केला याच्याशी कोणाला देणेघेणे नाही. पहिल्या महायुद्धात विकलांग झालेल्या सैनिकांना हातचा धंदा शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईतच एक संस्था सुरू झाली होती. तीच पुढे खडकीला गेलेली क्वीन मेरीज तांत्रिक संस्था. हाताला काम देऊन मदत करण्याचा हा प्रकार या शहराला नवा नाही.

चौथी पाळी

येथे सर्व जण निवृत्तिवेतन मिळणाऱ्यांबद्दल बोलत आहेत. २०२२ च्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होतात. उरलेल्यांना सुमारे पावणेबारा लाख रुपयांचा सेवा निधी मिळतो, पण निवृत्तिवेतन नाही, आरोग्य योजना नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. ज्या संघटनेच्या घटनेत ‘सभासद म्हणजे माजी सैनिक’ असे लिहिले आहे, तिचे दार त्या पंचविशीतल्या मुलासाठी उघडे आहे की बंद? वह्यावाटपाचे काय करायचे हे सावकाश ठरवा, हे आधी ठरवा.

निवृत्त नौसैनिक, कुलाबा

अग्निवीरांना सहयोगी सभासद करून घ्यावे, हे माझे मत मी आमच्या सभेतही मांडले आहे आणि तिथेही विरोध झाला. सेवा अधिकाऱ्यांचा मुद्दा मला ठाऊक होता. पण तिथे त्यांना प्रशिक्षण आणि अधिकृत मान्यता असते, इथे आपण एका वयस्क हवालदाराच्या स्मरणशक्तीवर विसंबणार आहोत. रक्तदान शिबिर मी बंद होऊ देणार नाही. त्याच मांडवात एका बाजूला कागदपत्रांचे टेबल लावा, देणगीदारही नाराज होणार नाहीत.

विक्रोळीकर (धागाकर्ता)

साहेब, वाशीच्या ताईंनी वर जे लिहिले आहे ते वाचूनही आपण मांडवात टेबल लावायला सांगता? ध्वनिक्षेपकावर गाणी चालू असताना, रक्तदात्यांच्या रांगेशेजारी बसून कोणती बाई नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाबद्दल बोलेल? टेबल नको, दार लावून घेता येईल अशी खोली हवी आणि ती महिन्यातून दोन शनिवार ठरलेल्या वेळी उघडी हवी. ताळेबंद यांच्या सूचनेप्रमाणे आमच्या संघटनेची घटना मागवली आहे. उद्दिष्टांत ‘सभासद व त्यांचे कुटुंबीय’ असे शब्द असतील, तर वह्यावाटपाचा खर्च कोणत्या कलमाखाली दाखवला जातो, हा प्रश्न मी येत्या वार्षिक सभेत लेखी देणार आहे. खोलीत बसायला दोन निवृत्त लष्करी परिचारिका तयार आहेत. त्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद शिबिराच्या मांडवखर्चातून करावी, असा ठरावही सोबत जोडत आहे. त्या ठरावाला आपला विरोध असेल, तर तो कोणत्या कारणासाठी, हे सभेत सांगावे.